सापगावची भाची, बारावीची केमिस्ट्री आणि आपला ऊस



मागील अंकांत खोडवा व्यवस्थापन आणि ठिबक यांवर भरपूर मजकूर येऊन गेला. या खेपेस संपादक मंडळींनी "मुलांच्या शिक्षणावर काहीतरी लिहा" असे फर्मान काढले. मी काही शिक्षक नव्हे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस हंगाम काढलेला माणूस. त्यामुळे उपदेश न करता घरात घडलेली एक हकिकत सांगतो. तिच्यात शिक्षणही आहे आणि ऊसही आहे, आणि तुमच्या-माझ्या पैशाचा प्रश्नही आहे.

माझी धाकटी बहीण सापगावला दिली आहे. सापगाव म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचे गाव, भातसा नदीच्या काठचे. आपल्याकडून माळशेज घाट उतरला की मुरबाड, आणि मुरबाडहून शहापूरच्या रस्त्याला लागले की नदी आणि गाव. तिकडे ऊस नाही, कारखाना नाही. सगळा भाताचा मुलूख. नदीला भरपूर पाणी, पण ते मुंबईला जाते. मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातशाचा आहे. दाजी नेहमी म्हणतात, "नदी आमच्या दारात, नळ मात्र मुंबईला."

२०२३ सालच्या भाऊबीजेला गेलो तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. भाची अकरावी सायन्सला. सहामाहीत केमिस्ट्रीत पन्नासपैकी नऊ मार्क. दाजींनी निर्णय देऊन टाकला होता : दिवाळी झाली की नाव काढायचे आणि आर्ट्सला घालायचे. बहीण ओवाळता ओवाळता म्हणाली, "दादा, तू त्या केमिस्ट्रीतच आयुष्य घातलंस. तूच काय ते बघ हिचं."

मी पोरीला विचारले, "काय समजत नाही?"

ती म्हणाली, "मामा, काहीच समजत नाही. सर शिकवतात ते ऐकू येतं, पण आत शिरत नाही. दहावीपर्यंत आम्ल होतं, आता ॲसिड. क्षपण होतं, आता रिडक्शन. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी हे कळायलाच दोन महिने गेले, तोवर धडा पुढे गेला."

हे ऐकले आणि मला माझी अकरावी आठवली. मी १९७९ साली दहावी झालो. दहावी-बारावीची पद्धत येऊन चारच वर्षे झालेली. गावच्या शाळेत 'आम्लारी', 'उत्प्रेरक', 'संपृक्त द्रावण' हे शब्द मला झोपेत विचारले तरी आले असते. तालुक्याच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी फळ्यावर सगळे इंग्रजी. 'सॅच्युरेटेड' म्हणजे माझाच जुना 'संपृक्त' हे मला कोणी सांगितले नाही आणि विचारायची मला लाज वाटली. सहा महिने मी हुशार मुलांच्या वहीतून चित्रे काढावीत तशी सूत्रे उतरवून काढली. त्या वर्षी माझ्या बाकावरची तीन मुले सायन्स सोडून गेली. त्यांतला एक माझ्यापेक्षा गणितात सरस होता. तो पुढे चिटबॉय म्हणून लागला, आणि माझ्या प्रयोगशाळेत नमुने आणून द्यायचा. चांगला माणूस, नोकरीही मान्य. पण काचेच्या त्या बाजूला तो आणि या बाजूला मी, यात अक्कल कमी-जास्त असल्याचा भाग नव्हता. पंचवीस-तीस शब्दांचा फरक होता.

म्हणून मी दाजींना सांगितले, "नाव काढायचं ते एप्रिलात काढा. तोवर मला द्या."

पहिले काम असे केले की दोनशे पानी वही घेतली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, उजव्या बाजूला मराठी, आणि खाली घरातले किंवा शेतातले एक उदाहरण. उदाहरण सापडल्याशिवाय शब्द लिहायचा नाही, अशी अट. पोरगी म्हणाली, "सापगावात कुठली केमिस्ट्री, मामा?"

मी तिला राबाच्या जागेवर नेले. शहापूर-मुरबाडकडे भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण, पाला, काटक्या अंथरून जाळतात, त्याला राब म्हणतात. दिवाळीत राब कुठला असायला, पण चुलीची राख होतीच. ती पाण्यात कालवून निवळी काढली आणि पांढऱ्या फडक्यावर हळदीचा डाग पाडून त्यावर चार थेंब टाकले. डाग लालभडक. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक बाईला माहीत असते. पण राखेतही तोच गुण आहे, आणि तो तिच्यातल्या पोटॅशियम कार्बोनेटचा, हे तिला नवे होते. कार्बोनेट म्हणजे दुबळ्या आम्लाचा आणि जबर अल्काचा क्षार, म्हणून पाण्यात पडल्यावर द्रावण अल्कधर्मी होते. बारावीला 'आयॉनिक इक्विलिब्रिया' नावाचा धडा आहे, त्यात हेच आहे, फक्त चुलीचा उल्लेख नाही.

मग मोहाची फुले आंबणे, विटांच्या भट्टीतून लाल विटा निघणे (मातीतले लोह), मुंबईला जाणाऱ्या भातशाच्या पाण्यात पांजरापूरला तुरटी टाकून गाळ खाली बसवणे, असे करत वही भरू लागली. मी परत आलो. पुढे दर रविवारी संध्याकाळी फोन. आठवड्याचे दहा शब्द. कधी ती चुकायची, कधी मी. माझे सगळे बरोबर होते असे समजू नका. पुस्तके बदलली आहेत. राज्यात अकरावीचे नवे पुस्तक २०१९ पासून आणि बारावीचे २०२० पासून आले, त्यात नॅनोकेमिस्ट्री वगैरे प्रकरणे आहेत जी आम्ही ऐकलीसुद्धा नव्हती. मराठी शब्द अडला की वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश उघडायचो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभे केलेले ते काम आपल्या किती गावांच्या वाचनालयात धूळ खात पडले आहे!

अकरावी ती काठावर पास झाली. एप्रिल आला, दाजींनी नाव काढायचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. बारावीच्या केमिस्ट्रीत सोळा धडे, सत्तर मार्कांचा पेपर आणि तीस मार्कांचे प्रात्यक्षिक. आणि त्या सोळांपैकी निम्मे तरी धडे आपल्या कारखान्यात रोज चालतात, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. तुमचाही कदाचित बसणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

गव्हाणीत ऊस पडला, मिलमधून रस निघाला. तो रस किंचित आंबट असतो, पीएच साधारण सव्वापाच-साडेपाच. त्यात चुन्याची निवळी आणि गंधक जाळून काढलेला धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सोडतात आणि पीएच सातच्या आसपास आणून ठेवतात. चुना रसातल्या फॉस्फेटशी जुळून साका तयार होतो, तो घाण घेऊन खाली बसतो. चुना जास्त झाला तर ग्लुकोज बिघडून रस काळवंडतो. कमी झाला तर साखर फुटते. पीएच हा आकडा फसवा आहे. सातचा सहा झाला तर आपल्याला वाटते एकानेच घटला. पण आम्लता दसपट वाढलेली असते, आणि गरम रसातील साखर फुटण्याचा वेगही त्याच प्रमाणात दसपट. रात्रपाळीत कोणी डुलकी काढली की काय होते ते यावरून ओळखा.

पुढे पॅन. पॅनमध्ये हवा काढून घेऊन दाब कमी करतात, त्यामुळे पाक शंभर अंशांच्या बराच खाली, साठ-सत्तर अंशांवर उकळतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट-तिप्पट होतो असा ढोबळ नियम आहे; म्हणजे थंड उकळला तर साखर वाचते. गुऱ्हाळावर काहिलीत हे जमत नाही, म्हणून गुळाला तो तांबूस रंग. पाक दाट होत होत संपृक्ताच्याही पलीकडे जातो आणि दाणा धरतो. हा झाला 'सोल्युशन्स' आणि 'सॉलिड स्टेट'. उरलेली मळी डिस्टिलरीत जाते, तिथे यीस्टचे जंतू एका ग्लुकोजचे दोन अल्कोहोल आणि दोन कार्बन डायऑक्साइड करतात. हा झाला अल्कोहोलचा धडा.

पण सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे ती साखर फुटण्याची, आणि तीच भाचीला सगळ्यांत अवघड गेली. उसातली साखर, सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन भावंडांची जोडी. आम्ल किंवा उसातलेच एक विकर त्या जोडीत पाण्याचा एक रेणू घालते आणि जोडी तुटते. हिशोब बघा : ३४२ किलो साखर, १८ किलो पाणी, आणि तयार होते ३६० किलो. वजन वाढले! भाची म्हणाली, "मग मामा, कारखान्याचा फायदाच की." नाही ना बाई. हे ३६० किलो दाणा धरीत नाही. ते मळीत जाते, आणि जाताना बरोबरची थोडी चांगली साखरही ओढून नेते.

या क्रियेला 'इन्व्हर्शन', उलटणे, का म्हणतात? साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. फुटल्यावर फ्रुक्टोजचा डावा ओढा ग्लुकोजच्या उजव्यापेक्षा जास्त असल्याने प्रकाश डावीकडे वळतो. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन संशोधकाने हे वळण पाहत पाहत साखर किती वेगाने फुटते ते मोजले. रासायनिक क्रियेचा वेग मोजून त्याला गणितात बसवण्याचे हे पहिले काम मानतात. म्हणजे 'केमिकल कायनेटिक्स' हा बारावीच्या मुलांचा कर्दनकाळ धडा उसाच्या साखरेवरच सुरू झाला! आपल्या प्रयोगशाळेत 'पोल' काढतात ते यंत्र त्याच जातीचे.

जानेवारी २०२५ मध्ये मी पुन्हा सापगावला गेलो. बहिणीच्या परसात चार-पाच बेटे ऊस आहे, को ८६०३२, बेणे मीच दिलेले. पोचल्या दिवशी त्यातले सहा ऊस तोडून अंगणात टाकले. पाचव्या दिवशी त्याच बेटांतले सहा ताजे तोडले. दोन्ही मोळ्या घेऊन मी आणि भाची शहापुरात रसवंतीवर गेलो. रसवाल्याला सांगितले, बर्फ नको, लिंबू नको, आले नको, आणि दोन मोळ्यांचा रस वेगवेगळ्या बाटल्यांत पाहिजे. त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

माझ्याजवळ हातातले ब्रिक्स पाहायचे यंत्र होते. ताज्या रसाचा ब्रिक्स साडेएकोणीस. पाच दिवसांच्या शिळ्या उसाचा साडेएकवीस.

घरी दाजी खूष. "बघा! शिळ्या उसाला गोडी जास्त. तुमचे कारखानेवाले उगाच ताजा-ताजा करतात."

बंधूंनो, हे वाक्य मी आपल्या गटांतही शंभर वेळा ऐकले आहे. ऊस वाळला की उतारा वाढतो, असे ठासून सांगणारे जुने-जाणते बागायतदार मला माहीत आहेत. मी काही बोललो नाही. भाचीकडे पाहिले. ती वही काढून बसली. शिळ्या मोळीचे वजन पहिल्या दिवशी साडेसात किलो, पाचव्या दिवशी पावणेसात. तिने मांडले की पाऊण किलो पाणी उडाले, म्हणून उरलेला रस दाट झाला. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ. त्यात साखर किती आणि फुटलेली साखर किती, हे ब्रिक्स सांगत नाही.

"मग ते कोण सांगतं?" दाजींनी विचारले.

"फेहलिंगचं द्रावण, बाबा," ती म्हणाली. मी नव्हे, ती म्हणाली. सुक्रोज फेहलिंगच्या निळ्या द्रावणाला हात लावत नाही. फुटलेली साखर मात्र त्यातून विटेच्या रंगाचा साका पाडते. हे तिच्या 'बायोमॉलिक्यूल्स'च्या धड्यात होते आणि परीक्षेसाठी तिने पाठही केले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सरांनी प्रात्यक्षिकाच्या तासानंतर अर्धा तास दिला. (रस रात्रभर बहिणीच्या फ्रिजमध्ये ठेवला होता.) दोन्ही रस सारख्याच प्रमाणात पाणी घालून पातळ केले, ब्युरेटमध्ये भरले, खाली उकळते फेहलिंग. निळा रंग जायला ताज्या रसाचे ३६ मिलिलिटर लागले. शिळ्या रसाचे फक्त १४. जितका रस कमी लागतो तितकी त्यात फुटलेली साखर जास्त. ३६ भागिले १४, अडीच पटीहून जास्त. पाच दिवसांत.

आता हे आपल्या पैशात मांडू. २०२५-२६ हंगामाचा एफ.आर.पी. केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. उताऱ्यात ०.१ टक्का वाढला की ३.४६ रुपये जास्त, घटला की तितकेच कमी. साडेनऊच्या खाली गेल्यास मात्र आणखी कपात नाही. ०.१ टक्का म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एकरी चाळीस टन धरा, तेराशे चौऱ्याऐंशी रुपये होतात. आणि उतारा काही प्रत्येकाचा निराळा धरत नाहीत, तो साऱ्या कारखान्याचा सरासरीचा असतो. ऊस वाळून काट्यावर वजन घटले तर तोटा एकट्याचा. तोडून फडात चार दिवस पडलेल्या उसात साखर फुटली तर तोटा सगळ्या सभासदांचा, ज्यांनी सकाळी तोडून दुपारी गाडी भरली त्यांचाही. जळिताच्या उसात तर हे आणखी झपाट्याने होते. तोडणी टोळीचा, वाहनांचा, यार्डातल्या रांगेचा प्रश्न मला माहीत आहे. रांग लावणारा सभासद नसतो, आणि कारखान्यानेही यात आपली बाजू तपासली पाहिजे, हे मी नोकरीत असताना बोललो होतो आणि आजही बोलतो. पण "वाळला की गोडी वाढते" ही समजूत मात्र आपली आपणच सोडायची आहे. माझ्या दाजींनी सोडली. एक गुंठा ऊस नसलेल्या माणसाने!

जाता जाता एक गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. सापगावात शेजारणी म्हणत होत्या, पोरीच्या जातीला कशाला ते ॲसिड-बिसिड. कमला सोहोनी यांचे नाव आपण ऐकले असेल. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची रसायनाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तर खुद्द सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेवर काम केले, आणि ती आदिवासी मुलांना व गरोदर बायांना पोषणासाठी कशी उपयोगी पडते हे दाखवले. नीरा म्हणजे ताडा-माडाचा गोड रस, त्यातही साखर सुक्रोजच. ही माहिती मी भाचीला सांगितली तेव्हा तिने वहीत नाव लिहून घेतले, उदाहरणाच्या रकान्यात.

मे महिन्यात निकाल लागला. केमिस्ट्रीत शंभरात अठ्ठावन्न. पेढे वाटण्याजोगे नाहीत, पण बहिणीने वाटले. इंजिनिअरिंग, मेडिकल असले काही नाही, बी.एस्सी.ला गेली आहे. रोज एस.टी.ने जाते. दाजी भाताच्या खळ्यावर कोणालाही धरून ब्रिक्स आणि साखर यातला फरक समजावतात, असे बहीण सांगते.

आपल्या सभासदांच्या घरी अकरावी-बारावीची मुले असतील तर ती दोनशे पानी वही सुरू करून पाहा. भाचीच्या वहीत शेवटी तीनशे अकरा शब्द झाले. तिची एक प्रत मी शेती खात्याच्या कार्यालयात ठेवली आहे, ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्यावी. मात्र उदाहरणे तिची आहेत, राबाची आणि मोहाची. आपल्या मुलांनी आपली घालावीत.

परवा रविवारी रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, एक घोळ आहे. आपण फुटलेली साखर मोजली. पण शिळ्या रसात न फुटलेली किती उरली होती, ते कुठं मोजलं? अडीच पट म्हणजे किती, तेच आपल्याला माहीत नाही."

खरे होते. त्याला पोलॅरिमीटर लागतो, आणि तो सापगावात नाही. या जानेवारीत ती इकडे येणार आहे, दोन दिवस. बेटातला ऊस या वेळी मी पाच नव्हे, सात दिवस आधी तोडून ठेवायला सांगितला आहे.